टपाल कधी यावं ते आपण ठरवायचं

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

तुझी मेल वाचली. "दिवसभर खुर्चीवरून हललो नाही, तरी संध्याकाळी काम होतं तिथेच," हे वाचून जीव कळवळला. मीही बराच काळ असाच काढला आहे. म्हणून दोन ओळींत धीर न देता सविस्तर लिहितोय.

मागच्या वर्षी गणिताच्या एका पुस्तकाची प्रुफं तपासत होतो. शेवटची उत्तरसूची उरली होती. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे प्रूफ, आणि मधे पट्टी, एकेक ओळ खाली सरकवत. चौदाव्या उत्तरावर असताना लॅपटॉपच्या कोपऱ्यात मेलची चौकट उगवली. 'उद्याची बैठक साडेअकराला', एवढंच. मी ती उघडलीसुद्धा नाही. पण नजर कागदावर परतली ती पंधराव्या उत्तरावर, आणि चौदाव्यात उणे चिन्हाच्या जागी अधिक तसंच छापलं गेलं. एखादं मूल गणित बरोबर सोडवून मागे उत्तर बघेल आणि आपलंच चुकलं समजून खोडून टाकेल, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हा आधी आवाज बंद केला, मग चौकटी बंद केल्या. त्याचा उपयोग होतो, तेवढं तर आजच कर. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की फोन नुसता वाजला किंवा थरथरला, माणसाने तो हातातही घेतला नाही, तरी हातातल्या कामात चुका वाढतात. माझं चौदावं उत्तर ह्याहून वेगळं काय होतं?

पण खरी गळती पुढे होती. आपलं काम मेलशिवाय चालतच नाही. कुणीतरी महिन्यापूर्वी पाठवलेली फाइल हवी असते, म्हणून मेल उघडायची. आणि वरच सात नवी पत्रं, ठळक अक्षरांत. जुनं शोधायला जावं आणि नवं गळ्यात पडावं, असं रोज व्हायचं. त्यातलं एखादं वाचून लगेच मिटलं तरी मनाचा एक कोपरा तिथेच अडकून राहतो. सोफी लेरॉय ह्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये ह्याचाच अभ्यास मांडला होता: अर्धवट सोडलेल्या कामाचा अंश पुढच्या कामात आपल्याबरोबर येतो. हे वाचलं तेव्हा आपल्या दुखण्याला कुणीतरी नाव दिलं असं वाटलं.

म्हणून घंटा काढून भागत नाही, टपालच थोपवावं लागतं. जीमेलला बूमरँग नावाची जोडणी लावली की 'इनबॉक्स पॉज' ही सोय मिळते. त्यात नवी पत्रं इनबॉक्समध्ये न उतरता बाजूच्या एका लेबलाखाली साठतात आणि ठरलेल्या वेळी एकदम समोर येतात. काही हरवत नाही, परत जात नाही. मधल्या वेळात तू जुनं शोध, नवं लिही, पाठव, इनबॉक्स शांत असतो. जोडणी नको असेल तर फिल्टर लावून पत्रं इनबॉक्स वगळून एका लेबलात टाकता येतात, फक्त तिकडे बघण्याची वेळ आपली आपण पाळायची. संगणकावर मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरत असशील तर 'दर दहा मिनिटांनी तपासा' ही खूण काढ, आणि सर्व्हरकडून लगेच सूचना घेण्याची दुसरी खूण आहे तीही काढ. पहिलीच काढली तर पत्रं येतच राहतात. मी तिथे फसलो होतो.

माझ्या वेळा अकरा, अडीच आणि पाच. तीनच का, तर २०१५ मध्येच १२४ जणांवर झालेल्या एका अभ्यासात दिवसातून तीनदाच मेल बघण्याच्या आठवड्यात लोकांवरचा ताण कमी झालेला आढळला. सगळंच बंद मात्र करू नकोस. २०१९ च्या एका प्रयोगात फोनच्या सूचना तीन हप्त्यांत मिळालेल्यांना बरं वाटलं, पण ज्यांच्या सूचना पूर्ण थांबवल्या त्यांची घालमेल वाढली. काय चुकतंय, कोण रागावलं असेल, हेच डोक्यात घोळत राहतं. आपलं टपाल अडीचला येणार हे ठाऊक असलं की मन निवांत होतं.

तातडीचं काय, हे तू विचारणारच. दार उघडं ठेव, पण एकच, आणि ते फोनचं. आयफोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' असतानाही एकाच माणसाने तीन मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू देण्याची सोय आहे. अँड्रॉइडवर हीच मुदत पंधरा मिनिटांची. सूचना एकत्र करून ठराविक वेळीच दाखवण्याची सोय आयफोनमध्ये २०२१ पासून आहे, तीही लाव. आणि ज्यांच्याशी रोजचं काम आहे त्यांना सरळ सांग: मेल मी ह्या तीन वेळांना बघतो, अडलं तर फोन करा. मला वाटलं होतं लोक दुखावतील. उलट दोघांनी कसं करायचं ते विचारून घेतलं.

पहिले चार दिवस हात आपोआप तिकडे जाईल. पाचव्या दिवशी माझी सलग दीड तास प्रुफं झाली आणि मान वर केली तेव्हा चहा थंडगार झालेला होता. किती दिवसांनी असं झालं, संजू!

पॉजमध्ये काही पत्त्यांना अपवाद करता येतो. त्या यादीत तुझं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. तुझं पत्र मला पाचला, सगळं आवरल्यावर, सावकाश वाचायचं असतं. फोन मात्र तुझा पहिल्याच घंटेला वाजतो. ह्या आठवड्यात करून बघ आणि काय झालं ते कळव.

तुझा,
मिलिंद