वाहून गेलेली माती कुठून आणायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या टँकरचे आकडे आपल्या दैनिकात रोज येतात, आणि ते यायलाच हवेत. पण टँकर लागायच्या सहा-सात महिने आधी आमच्याकडे जे घडतं, त्याकडे लक्ष वेधावं म्हणून हे पत्र. मी बीड जिल्ह्यातला, सिंदफणा नदीच्या काठचा शेतकरी.

सप्टेंबर २०२५ मध्ये नदी पात्र सोडून वावरात शिरली. सोयाबीन सडलं, जनावरं वाहून गेली, हे सगळ्यांनी पाहिलं. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी शेतात पोचलो. पूर्वी कमरेइतका खड्डा घेतला तरी काळीच माती लागायची, तिथं पायाखाली मुरूम कुरकुरत होता. तुरीची चार झाडं तगली होती, पण त्यांच्या मुळ्या वीतभर उघड्या पडलेल्या. विहीर गाळानं बुजलेली, वर फक्त पाइपाचं टोक. शेजारचे आप्पा, जिथं आमच्या दोघांचा बांध होता तिथं, गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "सोयाबीन गेलं तर जाऊ दे बापू, पुढच्या साली येईल. पण आता पेरायचं कशात?"

त्यांचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. खरडून गेलेल्या जमिनीसाठी सरकारनं हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. जाहीर केली याबद्दल आभारच आहेत. पण हिशोब मांडून बघा. एका एकरावर एक फूट माती पसरायची तर ४३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागते, म्हणजे ट्रॅक्टरच्या चारशेवर ट्रॉल्या. हेक्टरचे हजाराच्या वर ब्रास होतात. ४७ हजारांत ब्रासमागे जेमतेम ४४ रुपये पडतात. त्यात डिझेलही निघत नाही. आणि पैसे मिळाले तरी एवढी माती आणायची कुठून? तलावाचा गाळ सगळ्यांना पुरणार नाही. दुसऱ्याच्या रानातली आणली तर त्याचं रान उघडं पडणार. आमच्याकडचा काळा खडक झिजून ही माती व्हायला हजारो वर्षं लागली आहेत.

माती गेली म्हणजे फक्त पीक गेलं, असं शहरातल्या वाचकांना वाटत असेल. पाणीही तिच्याबरोबरच गेलं आहे. एक फूट काळी माती साधारण दोन इंच पाऊस पिकासाठी पोटात धरून ठेवते. एकराला हे पाणी २ लाख लिटर होतं, १० हजार लिटरचे २० टँकर. याच ओलीवर आमची रब्बीची ज्वारी येते. हस्ताचा पाऊस झाला की पेरायची आणि पुढे एकही पाणी न देता, जमिनीतली ओल आणि थंडीतलं दहिवर यांवर मालदांडी ज्वारी डोक्याइतकी उभी राहायची. घरात वर्षाची भाकरी, गोठ्यात वर्षाचा कडबा. मुरमात ती येत नाही. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून म्हैस बाजारात. आमच्या आळीतल्या तीन दावणी या हिवाळ्यात रिकाम्या झाल्या.

पाऊस अफाट झाला हे खरंच आहे. पावसाचे दिवस कमी झाले आणि पडतो तेव्हा महिन्याचा एका रात्रीत पडतो, हे आम्ही डोळ्यांनी बघतो आहोत. पण त्या पाण्याला थोपवणाऱ्या गोष्टी शिवारात होत्या, त्या आम्ही स्वतः काढून टाकल्या. ट्रॅक्टर सरळ चालावा म्हणून मीही मधले दोन बांध मोडले, काठावरच्या बाभळी विकल्या. ओढे बुजवून त्यांच्यात पेरणी झाली. आणि नदीतली वाळू! रात्र रात्र हायवा डंपर भरून जातात. वाळू निघाली की पात्र खोल जातं, काठाचा पाया सुटतो आणि पूर आला की काठ वावरासकट ढासळतो. गावात हे सगळ्यांना कळतं, तक्रार करायला मात्र माणूस घाबरतो.

ही वाळू म्हणजे आमचं पाण्याचं कोठार होतं. माझ्या लहानपणी आई भर उन्हाळ्यात कोरड्या नदीत हातभर झिरा खणायची आणि वाटी वाटीनं घागर भरायची. थोडं थांबलं की झिरा पुन्हा भरायचा. काठच्या विहिरींनाही त्याच वाळूतून पाझर असायचा. आता तिथं खडक उघडा पडलाय, आणि पाऊस संपला की दोन महिन्यांत नदी आटते.

मग उरतं बोअर. आमच्या भागात पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक. त्याखाली कातळ, त्यात असलीच तर एखादी फट. पाचशे-सातशे फूट जाऊन ती फट सापडली तरी तिथलं पाणी वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं. एकदा उपसलं की लवकर परत भरत नाही. शिवाय बीड आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत खोल पाण्यात फ्लोराइड निघतं, त्यानं दात आणि हाडं जातात. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे. बोअरच्या गाड्या मात्र दिवसाढवळ्या फिरतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. तरीही धरणाखाली ऊस वाढतोच आहे.

माझी मागणी मोठी नाही. मातीसाठी जाहीर झालेल्या पैशातून निव्वळ ट्रॉल्या ओतू नका. त्यातून आधी बांध घाला, काठाला करंज-बाभूळ लावा, नाहीतर आणलेली माती पहिल्या पुरात पुन्हा जाईल. प्रत्येक गावाच्या नकाशात ओढे आहेत, तहसीलनं त्यांची मोजणी करून ते मोकळे करावेत. माझ्या रानातून ओढा जात असेल तर तिथूनच सुरुवात करा, मी सही द्यायला तयार आहे. आणि गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळच्या पात्रातून एक घमेलंही वाळू निघू देऊ नका.

आपल्या वार्ताहरांनी टँकर सुरू व्हायची वाट न बघता नदीकाठी एक चक्कर मारावी. मृगाला पेरणी आहे, त्याआधी ओढ्यांची मोजणी व्हायला हवी. आप्पांनी बियाणं अजून घेतलेलं नाही.

आपला,
सिंदफणाकाठचा एक शेतकरी,
जि. बीड