लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाडा’चे ऋण

महोदय,

२२ फेब्रुवारी हा प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचा स्मृतिदिन. २००९ साली याच तारखेला ते आपल्यातून गेले. त्यांच्याविषयी कुठेही चार ओळी छापून आल्या, की ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगातील ५२ पात्रे आणि गिनीज बुकातील नोंद यांचा उल्लेख त्यांत हमखास असतो. ती नोंद आम्हा मराठवाड्याच्या लोकांना अभिमानाची आहेच. पण देशपांडे सरांचे मोठेपण त्या आकड्यात शोधू नये, असे मला मनापासून वाटते. त्यांनी आमची बोली रंगमंचावर आणली आणि तिची लाज वाटू नये अशा रीतीने आणली, हे त्यांचे खरे काम आहे.

हे काम केवढे होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे मराठी शिक्षणाला आणि छापील मराठीला इथे पाय रोवायला उशीर लागला. पुढे महाराष्ट्रात आलो तरी आमच्याकडचा मुलगा पुण्याला शिकायला गेला, की ‘यायलो’, ‘जायलो’, ‘करायलो’ ही आपली क्रियापदे गिळून बोलू लागे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनातून ग्रामीण माणूस घरोघरी नेला, पण तो प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रातला होता. नाटकांतही गावरान बोली म्हणून जे ऐकू येई, ते बहुधा कोल्हापूर-साताऱ्याकडचे असे आणि पुष्कळदा ते घरगड्याच्या तोंडी असे. अशा काळात एक प्राध्यापक एकटाच रंगमंचावर उभा राहिला आणि मराठवाड्यातल्या एका खेड्यातले अख्खे कुटुंब, भाऊबंद, म्हाताऱ्याकोताऱ्या आणि पोरेबाळे घेऊन थेट लंडनला निघाला. तेव्हा प्रेक्षागृहातला आमचा माणूस पोट धरून हसला आणि आपल्या घरातली भाषा तिकीट काढून ऐकण्याजोगी आहे, हे त्याला प्रथमच उमगले.

त्यांची कला मी जवळून पाहिली ती तालुक्याच्या गावी, उघड्या मंडपात, पुढच्या सतरंजीवर बसून. नेपथ्य नाही, वेशभूषेचे बदल नाहीत. हाताशी एक उपरणे तेवढे. ते डोक्यावरून ओढले की पदर सावरणारी बाई उभी राही, खांद्यावर झटकले की तावातावाने बोलणारा कारभारी माणूस. पण उपरणे हे केवळ निमित्त होते. खरा पालट मानेत आणि पाठीत होई. म्हातारीचे वाक्य संपण्याआधीच त्यांची हनुवटी वर जाई आणि नजर खालून वर पाहणाऱ्या पोराची होऊन जाई. दोघांमधले अंतर, दोघांच्या उंचीतला फरक, कोण कुणावर रागावले आहे, हे सारे त्या एका हालचालीत कळे. पात्रे एवढी असूनही कोण बोलते आहे, असा प्रश्न प्रेक्षकाला क्षणभरही पडत नसे. विमानप्रवासाच्या प्रसंगात तर माणसे इतकी दाटीवाटीने बोलू लागत, की रंगमंचावर एकच माणूस आहे याचा मंडपाला विसर पडे.

या कलेची मुळे बाहेर शोधण्याची गरज नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने एकट्याच्या प्रयोगाला शहरी रंगभूमीवर प्रतिष्ठा दिली, हे खरेच. परंतु लक्ष्मण देशपांडे ज्या मातीतले, तिथे पैठण आहे आणि पैठणला एकनाथांची भारुडे आहेत. भारुड करणारा एकच माणूस जोशी होतो, गोंधळी होतो, विंचू चावल्याने तळमळतो. नारदीय कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यानातली सगळी पात्रे एकटाच उभी करतो, तीही आवाजाच्या आणि अंगावरच्या उपरण्याच्या बळावर. सरांनी ही परंपरा हास्यप्रयोगात आणली, असे मी मानतो. मराठवाड्यातला अक्षरशत्रू म्हातारासुद्धा ‘वऱ्हाड’ पहिल्या मिनिटापासून समजून घेत असे, त्याचे कारण मला इथेच दिसते.

आणखी एक गोष्ट आग्रहाने नोंदवावीशी वाटते. लंडनला निघालेली ही माणसे अडाणी असतील, पण ती मूर्ख नाहीत. मानपान, रुसवेफुगवे, आपल्या माणसाविषयीची ओढ आणि अनोळखी मुलखाची भीती हे सारे त्यांच्यापाशी आहे आणि परदेशात गेल्यावर ती कुणासारखी होऊ पाहत नाहीत. सरांनी त्यांना हास्याचा विषय केले, हेटाळणीचा कधीच नाही. आज दूरचित्रवाणीवरच्या विनोदी प्रहसनांत खेडूत दाखवायचा म्हणजे हेल काढून बोलणारा आणि इंग्रजी शब्दांची मोडतोड करणारा एक बावळट उभा करायचा, असे वारंवार दिसते. त्यातली बोली धड कुठल्याच जिल्ह्याची नसते. लिहिणाऱ्यांनी आणि करणाऱ्यांनी ‘वऱ्हाड’ पुन्हा एकदा शांतपणे ऐकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. मराठवाड्याची बोली घेऊन पडद्यावर आलेल्या मकरंद अनासपुरे यांना पुढे साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्यासाठी लागणारा कान सरांनी आधीच तयार करून ठेवला होता. संदीप पाठक यांनी ‘वऱ्हाड’ पुन्हा रंगमंचावर आणून ते नव्या पिढीपर्यंत पोचवले, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत.

तरीही एक काम उरते आणि त्यासाठीच हे पत्र लिहिले आहे. एकपात्री प्रयोग छापील संहितेत मावत नाही. हशा ओसरेपर्यंत नट किती थांबला, कुठल्या शब्दावर त्याने श्वास घेतला, ‘बाप्पा’ या एका हाकेत त्याने राग, लाड आणि काकुळती कशी वेगवेगळी भरली, हे ध्वनिमुद्रणातच टिकते. ‘वऱ्हाड’च्या ध्वनिफिती एके काळी आमच्याकडे लग्नघरांत आणि किराणा दुकानांतही वाजत. व्यावसायिक मुद्रणे आजही ऐकायला मिळतात. मात्र गावोगावच्या गणेशोत्सवांत आणि व्याख्यानमालांत झालेल्या प्रयोगांची कुणी हौसेने केलेली मुद्रणे घरांच्या माळ्यांवर पडून असतील, तर त्यांच्या फितींना बुरशी लागण्यापूर्वी ती मिळवली पाहिजेत. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर आणि परभणी केंद्रांच्या साहाय्याने ती गोळा करून त्यांचे संगणकीय जतन करावे, त्यांतील बोलीच्या शब्दांची आणि रूपांची नोंद करावी आणि हा संग्रह विद्यार्थ्यांना ऐकण्यासाठी खुला ठेवावा. आपल्या वृत्तपत्राच्या मराठवाडा आवृत्तीने वाचकांना तसे आवाहन केले, तर माझ्याकडची एक फीत मी सर्वांत आधी आणून देईन.

आपला विश्वासू,
एक वाचक, परभणी