काका, प्रश्न तुम्ही दिलात

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

किरकोळ विक्रीतल्या अडचणींवर तंत्रज्ञानाने उपाय शोधायच्या स्पर्धेत आमच्या गटाला दुसरा क्रमांक मिळाला, हे तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. आभार मात्र चार लोकांसमोर मानावेत असं आम्हा सगळ्यांना वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

दुकानात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, असं विचारल्यावर पेठेतल्या बहुतेक दुकानदारांनी उधारी सांगितली. तुम्ही माळ्यावरून एक खोकं काढून समोर ठेवलंत. त्यात तारीख उलटलेली बिस्किटं, नूडल्स, मसाल्याच्या पुड्या होत्या. ‘उधारी आज ना उद्या येते. हे कुणी परत घेत नाही,’ तुम्ही म्हणालात. तारीख जवळ आल्यावर वेळेत सेल्समनला दाखवलं तरच डिस्ट्रिब्युटर माल बदलून देतो, आणि नेमकी ती वेळ गर्दीत निसटते, हेही तुम्हीच समजावलंत. आमचा सगळा प्रकल्प त्या खोक्यातून निघाला.

तुमचा पुढचा प्रश्न होता, बारकोडात तारीख का नसते? त्याचं उत्तर शोधताना आम्ही खूप शिकलो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं, ते गल्ल्यावर किंमत झटकन कळावी म्हणून. आजही आपल्याकडच्या बारकोडाच्या तेरा आकड्यांतून वस्तू कुठली एवढंच कळतं. जानेवारीत भरलेल्या पुड्याचा आणि जूनमधल्या पुड्याचा आकडा एकच. तारीख सामावणारे चौकोनी कोड आता येताहेत, आणि २०२७ अखेरपर्यंत दुकानांतल्या यंत्रांना ते वाचता यावेत असे जगभर प्रयत्न चालू आहेत. पण तुमच्या फळीवरचा माल तोवर थांबणार नाही.

म्हणून आम्ही फोनच्या कॅमेऱ्याने छापील तारीख वाचायचं ठरवलं. चकचकीत पुड्यांवरचे ठिपक्याठिपक्यांचे अंक वाचणं फार अवघड. त्यात कित्येक वेष्टनांवर ‘पॅकिंगपासून सहा महिने’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे हिशेब आपणच करायचा. जिथे कॅमेरा अडला तिथे तुमची पद्धत कामी आली. माल उतरवताना तुम्ही खोक्यावर मार्करने फक्त महिना लिहिता आणि जुना माल पुढे ओढता. तसंच अ‍ॅपमध्ये केलं: माल आला की नाव आणि महिना मराठीत बोलायचा. सेल्समन येण्याच्या आदल्या संध्याकाळी परत द्यायच्या मालाची यादी फोनवर येते.

परीक्षकांनी विचारलं, एवढ्या धांदलीत दुकानदार हे वापरेल कशाला? त्यावर माझ्या मैत्रिणीने तुमच्या खोक्यांवरच्या महिन्यांचे फोटो दाखवले. हे काम दुकानदार आधीपासून करतोच, आम्ही फक्त ते लक्षात ठेवतो, असं ती म्हणाली. माझ्या मते आमचा क्रमांक तिथेच ठरला.

ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी तुम्ही आम्हाला गल्ल्यामागे उभं राहू दिलंत. परतीच्या मालाची वही उघडून दाखवलीत. नफातोट्याचे आकडे कुणी परक्या पोरांना सांगत नाही, तुम्ही सांगितलेत. काकूंनी दर वेळी चहा पाठवला, त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

तेलाच्या पाऊचवरची तारीख अजून नीट वाचली जात नाही, त्यावर काम चालू आहे. ते जमलं की दुकानात येऊन तुमच्या फोनमध्ये नवं अ‍ॅप टाकून देतो. सुट्या मालाचं काय, हा तुमचा प्रश्नही वहीत लिहून ठेवला आहे.

आपले कृतज्ञ,
गटातली आम्ही सगळी मुलं-मुली