संगीत संयोजकांची आणि बँडमास्तरांचीही नावे छापावीत

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

जुन्या हिंदी चित्रपटगीतांवरील पाश्चात्त्य प्रभावासंबंधी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. ड्यूक एलिंग्टन, बेनी गुडमन आणि ग्लेन मिलर यांची नावे मराठी दैनिकात वाचून आनंद झाला. परंतु या बँडप्रमुखांसाठी कागदावर संगीत लिहिणाऱ्या संयोजकांचा, म्हणजे अरेंजर मंडळींचा, लेखात एका ओळीनेही उल्लेख नव्हता. स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडवर वाजणाऱ्या नाचाच्या जॅझ संगीताच्या, बाबतीत ही उणीव लहान मानता येत नाही.

सुरुवातीच्या जॅझमध्ये पाच-सहा वादक एकमेकांचा अंदाज घेत जागच्या जागी संगीत रचू शकत. पण तीन ट्रंपेट, दोन-तीन ट्रॉम्बोन, चार-पाच सॅक्सोफोन आणि जोडीला पियानो, गिटार, बास व ड्रम असा तेरा ते पंधरा जणांचा ताफा बसला की कोणी केव्हा वाजवायचे आणि कोणी केव्हा थांबायचे हे आधी ठरवावेच लागते. याची घडी न्यूयॉर्कमधील रोझलँड बॉलरूममध्ये वाजवणाऱ्या फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडने, १९२०च्या दशकात डॉन रेडमन यांच्या आणि पुढे स्वतः हेंडरसन यांच्या लेखणीतून बसवली. ट्रंपेट-ट्रॉम्बोननी एक वाक्य टाकायचे, सॅक्सोफोननी त्याला उत्तर द्यायचे आणि आपल्याकडील सवाल-जबाबाप्रमाणे ही चढाओढ रंगत असताना मधेच एखाद्या वादकाला एकट्याने मनसोक्त वाजवायला जागा ठेवायची, अशी ती रचना होती.

हेंडरसन हे रसायनशास्त्राचे पदवीधर. १९२४मध्ये लुई आर्मस्ट्राँग त्यांच्याच बँडमध्ये सुमारे वर्षभर होते. मात्र मंदीच्या काळात हेंडरसन यांचा बँड डबघाईला आला आणि आपल्या संगीतरचना त्यांना गुडमन यांना विकाव्या लागल्या. प्रायोजित रेडिओ कार्यक्रम आणि मोठ्या हॉटेलांतील कायमची जागा कृष्णवर्णीय बँडना त्या काळी क्वचितच मिळत असे. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये तरुण श्रोते गुडमन यांच्या बँडवर तुटून पडले ते हेंडरसन यांच्या रचना सुरू झाल्यावर, आणि स्विंगयुगाचा आरंभ याच रात्रीपासून मोजण्याची प्रथा पडली. ‘स्विंगचा राजा’ ही पदवी अर्थातच गुडमन यांच्याकडे गेली. त्यांनी हेंडरसन यांचे ऋण उघडपणे मान्य केले आणि १९३९मध्ये त्यांना आपल्या बँडमध्ये घेतले, हे नोंदवायलाच हवे. तरीही १९५२मध्ये वारलेले हेंडरसन सामान्य श्रोत्याला आजही ठाऊक नाहीत. एलिंग्टन यांच्या बँडची ओळखधून ठरलेली रचना बिली स्ट्रेहॉर्न यांची होती, हेही असेच मागे पडते.

जिथे कागदच नव्हता, तिथली स्थिती आणखी बिकट होती. कॅन्सस सिटीतून आलेला काउंट बेसी यांचा बँड अनेक रचना तालमीत तोंडी बसवत असे. एकाने तुकडा सुचवायचा, शेजारच्याने तो उचलायचा आणि सगळ्यांनी लक्षात ठेवायचा. १९३७मध्ये ध्वनिमुद्रित झालेली त्यांची सर्वांत गाजलेली धून अशीच तयार झाली. तिच्या घडणीत बस्टर स्मिथ आणि एडी डरहॅम यांचा हात होता, पण अधिकृत नाव राहिले ते एकट्या बेसींचे.

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. १९३०च्या दशकात लिऑन अॅबी आणि टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकन कलावंत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते आणि चर्चच्या शाळांत नोटेशन (स्वरलेखन) शिकलेले गोव्याचे वादक त्यांचे संगीत आत्मसात करत होते. पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांना हिंदी गाण्यात स्विंग आणता आला त्यामागे त्यांची स्वतःची प्रतिभा होतीच, पण चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांची साथही होती. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात वाझ पडद्यावरही दिसतात. सबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस या संयोजकांनी हिंदी गाण्यांमधले किती पीस लिहिले याचा अंदाज श्रेयनामावली वाचून येत नाही. माझ्या मते या मंडळींचा वाटा सहायकाचा नव्हे, सहनिर्मात्याचा आहे.

म्हणून आपणाकडे माझी पहिली विनंती अशी की, जुन्या गाण्यांवरील लेखांत गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्याबरोबर संयोजकाचे व प्रमुख वादकाचे नाव, जिथे खात्रीने ठाऊक असेल तिथे, अवश्य छापावे. सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिरात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्यांनीही निवेदनात ही नावे घ्यावीत.

दुसरी विनंती सोलापूरपुरती आहे आणि ती अधिक तातडीची आहे. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत हीच गाणी क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि युफोनियमवर वाजवणारे आपल्या शहरातील बँडमास्तर बेसींच्या वादकांसारखेच कानाने शिकले. गायकाची ओळ कोणत्या वाद्याला द्यायची आणि मधले पीस दहा-बारा जणांत कसे वाटायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. डीजे आल्यावर त्यांची कामे आटली, आणि जे हयात आहेत ते आता वृद्ध झाले आहेत. आपल्या वार्ताहरांनी त्यांना भेटून कोणी कोणाकडे शिक्षण घेतले, ताफ्यात कोण कोण होते आणि कोणते गाणे कसे बसवले हे विचारावे, जुनी छायाचित्रे मिळाल्यास त्यातील प्रत्येक वादकाचे नाव लिहून घ्यावे आणि हे सारे पुरवणीत क्रमशः प्रसिद्ध करावे. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ वादकांपासून व्हावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सोलापूर