‘सूत्रांनुसार’ ठरलेली किंमत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान पानावर ‘लवकरच येणारे’ लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांच्याविषयी जो मजकूर येतो, तो मी नेमाने वाचतो. त्याच्यावर विसंबून मी सात महिने थांबलोही. म्हणून हे पत्र.

झाले असे, की माझ्या जुन्या लॅपटॉपची ‘ल’ची कळ बसली. मी इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकन करतो. तिच्यात ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर असतात, ‘ळ’ शिफ्ट दाबून येतो. म्हणजे एका कळीबरोबर दोन अक्षरे गेली. माझे काम भाषांतराचे. जुन्या फाइलमधून एक ‘ल’ आणि एक ‘ळ’ उचलून कोपऱ्यात ठेवले आणि लागतील तसे चिकटवत बसलो. केला, गेला, आला, म्हणाला... मराठीचा भूतकाळ ‘ल’वर उभा आहे हे शाळेत व्याकरणात शिकलो होतो, बोटांना ते आता कळले. दुरुस्ती करणाऱ्याने पाहून सांगितले, की कळफलक वरच्या भागाला रिव्हेटने ठोकलेला आहे, पूर्ण भागच बदलावा लागेल. बॅटरीही वीस मिनिटांवर आलेली. तेव्हा नवा घेणे भागच होते, आणि पैसेही बाजूला काढलेले होते.

नेमके त्याच आठवड्यात आपल्या पानावर आले, की नवे मॉडेल दोन महिन्यांत येत आहे आणि ‘सूत्रांनुसार’ ते आधीपेक्षा स्वस्त असेल. थांबलो. दोन महिन्यांनी बातमी आली, की थोडा उशीर होणार, किंमत ‘जैसे थे’. आणखी थांबलो. मग ‘वाढण्याची शक्यता’. मग पुन्हा ‘स्वस्त आवृत्तीही येणार’. दर वेळी नवा आकडा, आणि मागच्या आकड्याचे काय झाले याविषयी अवाक्षर नाही. माझ्याकडे अशी नऊ कात्रणे जमली आहेत.

या बातम्या सरसकट हवेतल्या असतात असे माझे म्हणणे नाही. उलट त्यांतला यंत्राविषयीचा भाग बराच खरा निघतो, आणि त्याला कारण आहे. लॅपटॉप ही लपवून ठेवता येणारी वस्तूच नव्हे. पडदा एकाचा, बिजागरी दुसऱ्याची, मेमरी तिसऱ्याची. जगातले बहुतेक लॅपटॉप क्वांटा, कॉम्पाल अशा मोजक्या तैवानी कंपन्या जोडून देतात, त्यांवर नाव कोणाचेही असो. तैवानमधल्या नोंदणीकृत कंपन्यांना मागच्या महिन्याची उलाढाल पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाहीर करावी लागते, त्यामुळे कुठे अचानक काम वाढले हे जाणकारांना दिसते. बिनतारी यंत्र अमेरिकेत विकायचे तर आधी एफसीसी या तिथल्या सरकारी दळणवळण आयोगाची मान्यता लागते. कंपन्या छायाचित्रे आणि माहितीपुस्तिका काही काळ झाकून ठेवायला सांगतात, पण मान्यतेची नोंद सगळ्यांना दिसते. रशिया आणि शेजारच्या काही देशांच्या युरेशियन आर्थिक संघाच्या नोंदींत तर न आलेल्या यंत्रांचे मॉडेल क्रमांक आधीच सापडतात. आणि चाचणीचे यंत्र हाती असलेला एखादा अभियंता गीकबेंच हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवून पाहतो, निकाल आपोआप सार्वजनिक यादीत चढतो हे विसरतो, आणि दुसऱ्या दिवशी चिपचे नाव जगभर होते.

किमतीचे तसे नसते. किंमत कोणत्या कारखान्यात बनत नाही, तिची मागणी नोंदवावी लागत नाही, तिच्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. ती चार-पाच माणसांच्या डोक्यात असते आणि शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते. मग आपल्या पानावर ती दोन महिने आधी कुठून येते? नऊ कात्रणे शेजारी शेजारी ठेवल्यावर माझ्या लक्षात आले, की ती मागच्या मॉडेलची किंमत असते, थोडी वर किंवा थोडी खाली सरकवलेली. एवढा अंदाज तर माझ्या गल्लीतला चौथीतला मुलगाही करील.

जानेवारी २०१०चा प्रसंग आठवतो. आयपॅड हा काही लॅपटॉप नव्हे, पण किमतीच्या अफवेचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. तो हजार डॉलरच्या आसपास असेल असे सगळीकडे छापून आले होते. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावर तोच आकडा, ९९९, पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवला आणि मग त्याच्या ठिकऱ्या उडवून ४९९ आणला. टाळ्या पडल्या. ४९९ डॉलर काही थोडे नव्हेत, पण ९९९ वाचून आलेल्यांना ते स्वस्त वाटले. अफवा चुकली ती चुकली, वर विकणाऱ्याच्या कामी आली.

अपवादही सांगितला पाहिजे. डिसेंबर २००४ मध्ये थिंक सिक्रेट नावाच्या संकेतस्थळाने बातमी दिली, की ॲपल पडदा नसलेला छोटा संगणक ४९९ डॉलरला आणत आहे. ॲपलने जानेवारी २००५च्या पहिल्याच आठवड्यात खटला भरला, आणि ११ जानेवारीला मॅक मिनी जाहीर झाला, बरोबर ४९९ डॉलरला. पुढे २००७च्या शेवटी तडजोड झाली. बातमी कोणी पुरवली ते उघड करावे लागले नाही, पण संकेतस्थळ बंद झाले. खरी किंमत घरातल्या माणसाकडूनच फुटते, आणि फुटली की कंपनी कोर्टात धावते. आपल्या पानावरच्या किमतींसाठी कोणी कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही, यावरून काय ते समजावे.

तारखांचे तर कंपन्यांनाही सांगता येत नाही. जून २००३ मध्ये जॉब्स यांनी ॲपलच्या संगणकांतली जी-५ चिप वर्षभरात ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाईल असे भर सभेत सांगितले होते. ॲपलच्या यंत्रांत ती तिथवर कधीच पोचली नाही. तीच चिप असलेल्या ॲपलच्या पॉवरबुक लॅपटॉपची लोकांनी इतकी वाट पाहिली, की ‘पुढच्या मंगळवारी येणार’ हा विनोद होऊन बसला. शेवटी जून २००५ मध्ये ॲपलने ती चिपच सोडून इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे जात असल्याचे सांगितले. इंटेलची तरी गोष्ट काय वेगळी? तिच्या ‘१० नॅनोमीटर’ नावाच्या नव्या पिढीच्या चिप २०१६च्या सुमारास यायच्या होत्या, लॅपटॉपमध्ये भरघोस दिसायला २०१९ उजाडले. खुद्द बनवणाऱ्याचा अंदाज तीन वर्षांनी चुकत असेल, तर बातमीदाराने ‘पुढील महिन्यात’ इतक्या ठामपणे लिहू नये.

आता ‘पासून’ या शब्दाविषयी. ‘किंमत अमुक डॉलरपासून’ असे छापले, की वाचणारा आकडा लक्षात ठेवतो आणि ‘पासून’ विसरतो. सगळी गोम त्याच शब्दात असते. २०२२ मध्ये ॲपलचा एम-२ चिपचा मॅकबुक एअर हा लॅपटॉप आला, तेव्हा त्याच्या सर्वांत स्वस्त, २५६ जीबीच्या आवृत्तीत साठवणुकीची एकच चिप होती, आधीच्यात दोन असत. त्यामुळे नवा, जास्त किमतीचा लॅपटॉप फायली वाचण्या-लिहिण्यात जुन्यापेक्षा मागे पडला. उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरचीच किमान मेमरी ८ जीबीवरून १६ जीबी झाली आणि किंमत तीच राहिली. किमतीच्या रकान्यात तेव्हा ‘बदल नाही’ असेच लिहावे लागले असते, आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने ती त्या वर्षातली मोठी स्वस्ताई होती. पूर्वी आपण कमी मेमरीचा घेऊन पुढे सवडीने वाढवत असू. आता पुष्कळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर सांधून टाकलेली असते. पहिल्या दिवशी घेतली ती घेतली. म्हणून मेमरी आणि साठवणूक न सांगता छापलेली किंमत मला वजन न सांगता सांगितलेल्या सोन्याच्या भावासारखी वाटते.

मग किमतीविषयी आगाऊ काहीच लिहू नये का? लिहावे, पण जिथे कारण दिसते तिथे. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्क महागल्या. पुराची बातमी वाचून तो अंदाज कोणालाही बांधता आला असता. आत्ताही तसेच आहे. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीत त्यांना जास्त नफा दिसतो, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळते आणि साध्या संगणकांसाठी कमी उरते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. यात गुप्त सूत्र लागत नाही. मेमरी महागली, की लॅपटॉपवाल्यापुढे दोनच वाटा राहतात. किंमत वाढवायची, नाहीतर त्याच किमतीत मेमरी कमी द्यायची. वाचकाला हे सांगितले, तर थांबायचे की आत्ता घ्यायचे हे तो स्वतः ठरवील.

आपल्या पानावर मात्र एका रविवारी वरच्या कोपऱ्यात ‘मेमरी चिपची टंचाई’ आणि खालच्या कोपऱ्यात ‘नवे लॅपटॉप स्वस्त होणार’ अशा दोन बातम्या होत्या. मधे चष्म्याच्या फ्रेमची जाहिरात. दोन्ही बातम्या लिहिणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नसावी.

थांबण्याचा फटका पूर्वी कंपन्यांना बसे. १९८१ मध्ये ऑस्बॉर्न नावाच्या कंपनीने १७९५ डॉलरला उचलून नेण्याजोगा संगणक काढला. वजन सुमारे ११ किलो, म्हणजे ‘उचलून’ हा शब्द जरा सैल अर्थाने घ्यावा. तो चांगला खपत असताना १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची वाच्यता झाली, विक्रेत्यांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कारणे आणखीही होती असे काही जाणकार म्हणतात, पण धडा सगळ्या कंपन्यांनी घेतला आणि तेव्हापासून त्या तोंड मिटून असतात. त्या बोलत नाहीत म्हणून आपण बोलता, आणि चालू महिन्याचे काम खोळंबते ते आमच्यासारख्यांचे.

हा मजकूर बंद करा असे मी म्हणणार नाही. सकाळी चहाबरोबर तो वाचायला मजा येते, हे कबूल करतो. माझी मागणी लहान आहे. ‘सूत्रांनुसार’ऐवजी ती गोष्ट कशावरून कळली ते लिहावे, म्हणजे सरकारी नोंदीवरून, सुट्या भागांच्या मागणीवरून की लेखकाच्या तर्कावरून. तर्क असला तर बिनधास्त ‘तर्क’ म्हणावे, कोणी रागावणार नाही. किंमत छापताना सोबत मेमरी आणि साठवणूक छापावी. आणि तळाला चार ओळींची एक पट्टी असावी, गेल्या वर्षी याच महिन्यात आम्ही काय म्हणालो होतो आणि प्रत्यक्षात काय झाले याची. पावसाचा अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी रस्ताच सांगतो. लॅपटॉपच्या अंदाजाकडे परत वळून पाहणारे आपल्याशिवाय कोणी नाही.

मी शेवटी बाजारात असलेलेच मॉडेल घेतले, १६ जीबीचे. हे पत्र त्याच्यावरच लिहिले आहे, एकही ‘ल’ न चिकटवता. येणारे मॉडेल अजून यायचे आहे.

सोबत नऊ कात्रणांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या आहेत. प्रत्येकीवर तारीख टाकून त्यातला आकडा लाल पेनाने घेरला आहे. शेजारी ‘प्रत्यक्षात’ असा रकाना आखून कोरा ठेवला आहे. मॉडेल आले, की तो आपल्या प्रतिनिधीने भरावा.

आपला,
एक नियमित वाचक