स्पॅनिशची क्रियापदे मराठीतून शिकवावीत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की परकीय भाषांच्या वर्गांच्या जाहिराती सगळीकडे दिसू लागतात, आणि स्पॅनिशकडे वळणाऱ्या मुलांपैकी काही माझ्याकडेही येतात. मी पुण्यात गेली अनेक वर्षे घरी स्पॅनिश शिकवते. या मुलांची गाडी सुरुवातीला छान धावते. स्पॅनिशचे पाच स्वर मराठी जिभेला सरळ वाटतात, लिहिले आहे तसेच बहुतेक वाचायचे असते, त्यामुळे महिनाभरात मुले धडाधड वाचू लागतात. मग क्रियापदे येतात आणि गाडी रुतते. स्पॅनिश क्रियापद अवघड आहे म्हणून असे होते, हे मला पटत नाही. आपण ते क्रियापद इंग्रजीच्या मध्यस्थीने समजून घेतो, म्हणून असे होते.

गेल्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातून शिकायला आलेली एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झालेले, अतिशय अभ्यासू. आधीच्या वर्गात मिळालेला, प्लॅस्टिकचे आवरण घातलेला एक तक्ता तिच्याजवळ होता. ‘बेनिर’ म्हणजे ‘येणे’, या एकाच क्रियापदाची शंभरच्या आसपास रूपे त्यावर चौकटी-चौकटींत छापलेली होती आणि प्रत्येक चौकटीवर इंग्रजी मथळा होता. त्यातल्या ‘सबजंक्टिव्ह’ (इच्छा, शक्यता दाखवणारी रूपे) या शब्दाखाली तिने पेन्सिलीने तीन रेघा ओढल्या होत्या. ‘बाई, ही रूपे मला पाठ आहेत, पण ती कधी वापरायची ते कळत नाही,’ ती म्हणाली. मी तिला विचारले, ‘आईचा फोन आला होता का? काय म्हणाली?’ ती म्हणाली, ‘दिवाळीला तू घरी यावंस असं बाबांना वाटतं, म्हणाली.’ मी त्याच चौकटीतल्या ‘बेंगास’वर बोट ठेवले आणि तिच्या आईचे वाक्य स्पॅनिशमध्ये म्हटले: ‘पापा क्येरे के बेंगास आ कासा.’ ‘यावंस’ म्हणजे ‘बेंगास’. तिने ते दोन शब्द वहीत एकाखाली एक लिहिले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘बाई, दोन्हीकडे शेवटी स आहे.’

तो ‘स’ योगायोगाने आलेला नाही. संस्कृतातील द्वितीय पुरुषाचा ‘सि’ आणि लॅटिनमधील ‘स’ हे एकाच भाषाकुळातले प्रत्यय आहेत. आपण ‘येतोस, आलास, यावंस’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये ‘ब्येनेस, बेनीआस, बेंगास, बेन्द्रास’ म्हणतात. आज्ञा सोडली, तर फक्त ‘तू आलास’ यासाठी असलेल्या ‘बिनिस्ते’ या रूपाला शेवटी ‘स’ नाही, आणि तिथेही स्पॅनिश बोलणाऱ्या कितीतरी लोकांची जीभ नकळत ‘बिनिस्तेस’ म्हणून जाते. प्रमाण भाषेत ते चुकीचे मानले जाते एवढेच. क्रियापदाच्या शेपटावरून कर्ता ओळखण्याची सवय मराठी मुलाला जन्मापासून असते. ‘येईन’ म्हटल्यावर ‘मी’ सांगावे लागत नाही, तसेच ‘बेन्द्रे’ म्हटल्यावर ‘यो’ सांगावे लागत नाही. हेच मूल इंग्रजी वाक्याच्या साच्यातून स्पॅनिशकडे गेले की प्रत्येक वाक्यात ‘यो, यो, यो’ करू लागते, आणि ऐकणाऱ्याला ते उगाच छाती ठोकून बोलल्यासारखे वाटते.

आपल्या शालेय व्याकरणात क्रियापदाचे ‘काळ’ आणि ‘अर्थ’ वेगळे शिकवले जातात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही नावे आठवी-नववीच्या मुलाला ठाऊक असतात. इंग्रजीत ज्याला ‘मूड’ म्हणतात तो हाच ‘अर्थ’, हे एकदा सांगितले की निम्मे ओझे उतरते. ‘बेन’ म्हणजे ‘ये’, हा आज्ञार्थ. दोन्ही भाषांत हे त्या क्रियापदाचे सर्वांत तोकडे रूप आहे. परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला मात्र ‘बेन’ म्हणत नाहीत. ‘बेंगा उस्तेद’ म्हणतात, म्हणजे आज्ञेच्या जागी इच्छेचे रूप येते. याचे मोठे स्पष्टीकरण देत बसण्याची गरजच नाही. आपणही पाहुण्यांना ‘ये’ म्हणत नाही, ‘आपण यावे’ म्हणतो, आणि ते विध्यर्थाचेच रूप आहे. ‘उस्तेद’ हा शब्दही ‘बुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ या आदरार्थी संबोधनाचा झिजून उरलेला तुकडा आहे, म्हणून त्याच्याबरोबर तृतीय पुरुषाचे क्रियापद येते. ‘रावसाहेब, जेवायला बसणार का?’ असे रावसाहेबांनाच विचारणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आणि ‘ओखाला बेंगा’ म्हणजे सरळ ‘येवो’. ‘घरी सुखरूप येवो’, ‘देव तुझे भले करो’ यांतल्या या ओकारान्त रूपासारखे रूप इंग्रजीत काही ठरावीक वाक्प्रयोगांपुरतेच उरले आहे, आपल्या तोंडी मात्र ते रोज असते.

सर्वांत जास्त हाल होतात ते भूतकाळाचे. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत. ‘बिनो’ म्हणजे ‘आला’, एकदा घडून संपलेली गोष्ट. ‘बेनीआ’ म्हणजे ‘येत असे, येई, यायचा, येत होता’. इंग्रजीत ‘केम’ हे एकच रूप दोन्ही ठिकाणी चालून जाते, त्यामुळे इंग्रजीतून शिकवताना नियमांची भलीमोठी यादी द्यावी लागते, ‘दर रविवारी’ असा शब्द आला की हे रूप, ‘काल’ आला की ते रूप, आणि मुले अर्थ सोडून त्या खुणेच्या शब्दांच्या मागे धावतात. मराठी मुलाला अशी यादी कशाला हवी? ‘आजोबा दर रविवारी आले’ हे वाक्य त्याच्या कानाला आपोआप खटकते. तो ‘यायचे’ म्हणतो. आपल्या व्याकरणात त्याला रीती भूतकाळ हे नावसुद्धा आहे. ‘मी येत होते, इतक्यात पाऊस लागला’ या एका वाक्यात दोन्ही भूतकाळ शेजारी-शेजारी बसतात, आणि स्पॅनिशमध्ये पहिल्या जागी ‘बेनीआ’ व दुसऱ्या जागी ‘एम्पेसो’ (सुरू झाला) हे अगदी त्याच न्यायाने येते. मी हे वाक्य फळ्यावर लिहिते, त्याखाली स्पॅनिश लिहिते आणि गप्प बसते. बहुतेक वेळा मुलेच नियम सांगतात.

दुसऱ्या भाषेच्या साच्याबद्दलची ही तक्रार स्पॅनिश जगालाही नवी नाही. कास्तीयन (म्हणजे स्पॅनिश) भाषेचे पहिले व्याकरण नेब्रिखा या स्पॅनिश विद्वानाने १४९२ मध्ये लिहिले आणि लॅटिन हाच त्याचा आदर्श होता; पुढे कित्येक शतके स्पॅनिशची क्रियापदे लॅटिनच्या चौकटीतून पाहिली गेली. काराकासला जन्मलेल्या आणि पुढे चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणात ती चौकट नाकारली. रूप एखाद्या घटनेशी काळाने कसे जोडलेले आहे, त्यावरून त्यांनी काळांना नावे दिली. ‘बिनो’ला त्यांनी नुसते भूत म्हटले आणि ‘बेनीआ’ला ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे दुसऱ्या भूतकालीन घटनेच्या सोबतीने चालणारा, सहभूत. मेक्सिकोच्या शाळांतून हे नाव आजही वापरात आहे. पाऊस लागला तेव्हा माझे ‘येणे’ चालूच होते, हे त्या एका शब्दात बसते. बेयो यांचा आग्रह होता की भाषेचे व्याकरण तिच्याच वापरातून काढावे. तो मानला, तर मराठीचा साचाही स्पॅनिशवर बसवता कामा नये, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. मराठी ही मी चढण्यासाठी धरलेली पायरी आहे, आणि ती कुठे संपते हेही मुलांना वेळीच सांगावे लागते.

ती बऱ्याच ठिकाणी संपते. ‘तो आला तर मी जाईन’ यात आपण भूतकाळाचे रूप वापरतो, स्पॅनिशमध्ये तिथे वर्तमान येतो: ‘सी ब्येने’. ‘तो येईल तेव्हा’ यात आपला भविष्यकाळ आहे, स्पॅनिशमध्ये मात्र ‘क्वान्दो बेंगा’, म्हणजे ‘यावंस’च्याच घराण्यातले रूप. ‘आला असता तर मी गेले असते’ यात आपल्याकडे दोन्ही बाजूंना ‘असता’चीच रूपे येतात, स्पॅनिशमध्ये ‘सी उब्येरा बेनिदो’ आणि ‘आब्रीआ इदो’ असे सहसा दोन वेगळे तुकडे करतात. उत्तर स्पेनच्या काही भागांतल्या बोलीत ‘सी’नंतरही ‘बेन्द्रीआ’ ऐकू येते, परंतु परीक्षेत तसे लिहिले तर गुण जातील. शिवाय आपला भूतकाळ लिंग पाहतो, तो आला, ती आली. ‘बिनो’ला त्याचे सोयरसुतक नाही. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ असे आपले क्रियापद कर्मामागे जाते, स्पॅनिशचे ‘कोमी’ जागचे हलत नाही. इथे स्पॅनिश मराठीहून सोपी आहे, आणि हे ऐकून मुलांचे चेहरे खुलतात.

सर्वांत नाजूक जागा खुद्द ‘येणे’ची आहे. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की आपण ‘आलेच!’ म्हणून ओरडतो, उठलेलो नसलो तरी. कुणाच्या घरून निघताना ‘जाते’ म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात, म्हणून ‘येते’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये दोन्ही ठिकाणी ‘जाणे’ लागते: हाकेला ‘या बोई’, निरोपाला ‘मे बोई’. ‘बेनिर’ हे क्रियापद बोलणारा जिथे आहे त्या जागेकडेच वळते. फोनवर ‘उद्या मी तुझ्याकडे येते’ म्हणणाऱ्या मराठी मुलीने तिथे ‘बेंगो’ म्हटले, तर पलीकडच्या माणसाचा गोंधळ होतो. तक्त्यातले प्रत्येक रूप बिनचूक पाठ असूनही ही चूक होते, कारण इंग्रजी शब्दही इथे आपल्याच बाजूने उभा राहतो आणि मुलाला धोक्याची सूचना कुठूनच मिळत नाही.

अनियमित रूपांविषयीही थोडे सांगते, कारण त्यांच्या भीतीने मुले भाषा सोडतात. ‘बेनिर’चा भविष्यकाळ ‘बेनिरे’ व्हायला हवा, तो ‘बेन्द्रे’ का होतो? मधला स्वर गळला, ‘न’ आणि ‘र’ एकमेकांना भिडले आणि उच्चार सुकर व्हावा म्हणून मध्ये ‘द’ शिरला. संस्कृत ‘वानर’चे आपण ‘वांदर’ केले ते याच वाटेने. हे उदाहरण दिल्यापासून माझ्या वर्गात ‘बेन्द्रे’ कोणी विसरलेले नाही. आणि जे मूल ‘येणे’पासून ‘आला’ हे रूप न अडखळता करते, त्याने ‘बेंगो, ब्येने, बिनो’ला घाबरावे असे काय आहे?

माझी विनंती विद्यापीठांच्या परकीय भाषा विभागांना, खाजगी वर्ग चालवणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या घरी शिकवणाऱ्यांना आहे. क्रियापदांच्या तक्त्यांवर काळ आणि अर्थ यांची मराठी नावे छापावीत, प्रत्येक चौकटीत रूपाबरोबर रोजच्या बोलण्यातले एक मराठी वाक्य द्यावे, आणि जिथे मराठी व स्पॅनिश यांच्या वाटा फुटतात त्या चौकटींना वेगळा रंग द्यावा. ‘बेनिर’, ‘आसेर’ (करणे), ‘देसिर’ (सांगणे) आणि ‘इर’ (जाणे) या चार क्रियापदांचे असे तक्ते मी गेल्या काही वर्षांत हाताने तयार केले आहेत. ज्यांना ते हवे असतील त्यांना मी त्यांच्या प्रती विनामूल्य देईन. आपल्या कार्यालयाकडे आलेली पत्रे माझ्याकडे पाठवावीत, ही विनंती.

आपली नम्र,
एक स्पॅनिश शिक्षिका, पुणे