रेस अडकणारी जुनी मोटरसायकल तशीच चालवू नका

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात नवीन गाड्या, मायलेज, टायर यावर बरंच वाचायला मिळतं पण जुन्या मोटरसायकलीची रेस अडकते त्यावर कधी काही दिसत नाही, म्हणून हे पत्र. मूठ फिरवली की गाडी पळते पण सोडली की मूठ आपोआप परत येत नाही, अर्ध्यात थांबते, मग चालवणारा हातानेच ती उलटी फिरवतो आणि महिनोन्महिने तसंच चालवत राहतो. सवय होऊन जाते. पण समोर अचानक कोणी आलं तर? पुढचा ब्रेक आणि रेसची मूठ दोन्ही उजव्याच हाताला आहेत, बोटं ब्रेक दाबायला गेली की तोच हात मूठ उलटी कशी फिरवणार? म्हणून माझ्या मते हा बिघाड ब्रेक न लागण्याइतकाच गंभीर आहे, आणि तो दुरुस्त करणं बहुतेक वेळा घरीसुद्धा जमण्यासारखं असतं.

आधी तपासायचं कसं ते सांगतो. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवा आणि एकदम सोडून द्या, टक् आवाज करून ती जागेवर आली पाहिजे. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, तिन्ही वेळा. थोडी फिरवून सोडली तरी यायला पाहिजे. कुठल्याही एका ठिकाणी रेंगाळली तर काम निघालं समजा.

इथे बरेच जण सरळ नवीन केबल टाकून मोकळे होतात आणि रेस तशीच अडकते, कारण दोष केबलमध्ये नसतोच. अडकायला तीन जागा आहेत, मूठ, केबल आणि कार्बोरेटर (इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), त्या वेगवेगळ्या करून बघायच्या. मुठीजवळचे स्क्रू काढून केबलच्या टोकाची गोळी सोडवा आणि नुसती मूठ फिरवून बघा. ती सैल फिरत असेल तर केबलची तार हाताने ओढून सोडा, ती जड लागली तर कार्बोरेटरच्या बाजूने केबल सुटी करून पुन्हा ओढा. म्हणजे दोष केबलचा की खालचा ते लगेच कळतं.

मुठीतला दोष सगळ्यात जास्त आढळतो असं माझं मत. नवीन ग्रिप बसवताना रबर इतकं आत ढकललेलं असतं की ते स्विचच्या डबीला घासतं, नाहीतर बाहेरच्या टोकाला वजन लावलेलं असतं त्याला घासतं, दोन्हीकडे एक-दोन मिलिमीटर तरी फट पाहिजे. गाडी कधी उजव्या अंगावर पडली असेल तर हँडलचं टोक वाकलेलं असतं किंवा तिथे धार आलेली असते. ग्रिपच्या आतली प्लास्टिकची नळी काढलीत तर खाली हँडलवर गंज आणि जुनं ग्रीस धुळीत मिसळून झालेला चिकट राप दिसेल, तो पुसून बारीक पॉलिश पेपरने पाइप गुळगुळीत करा आणि परत भसाभसा ग्रीस भरू नका, अगदी पातळ थर पुरे. डबीचे स्क्रू जास्त आवळले तरी मूठ जड होते, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

केबलची एक जरी बारीक तार तुटून वर आलेली दिसली तर ऑइल वगैरे काही करू नका, केबल बदला, ती तार आत अडकून रेस उघडीच राहू शकते. नुसती कोरडी पडली असेल तर उभी टांगून वरून पातळ ऑइल सोडा, खालून टपकेपर्यंत. आत नायलॉनचं अस्तर असेल तर मात्र जाड ऑइल आणि ग्रीस नको. केबल टाकीखाली दबलीय का, कुठे एकदम काटकोनात वळलीय का तेही बघा. मुठीच्या कडेला साधारण 2 ते 6 मिलिमीटर प्ले, म्हणजे केबल ओढली जाण्याआधी मूठ मोकळी फिरते ते अंतर, असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात मिळेल. आणि काही जुन्या गाड्यांना दोन केबली असतात, एक रेस उघडणारी आणि एक बंद करणारी, दुसरी तुटली की काही जण ती लावतच नाहीत. कृपा करून असं करू नका.

कार्बोरेटरमध्ये स्लाइडवर, म्हणजे केबल ओढली की वर सरकणाऱ्या झडपेवर, सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसतो, ओरखडे पडतात किंवा वरचं झाकण तिरकं आवळलेलं असतं. जुन्या अमल (ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या कार्बोरेटरची अजून एक खोड म्हणजे इंजिनला जोडणारे नट जास्त आवळले की बॉडीच किंचित वाकते आणि स्लाइड आत धरते. नट थोडे सैल करून स्लाइड मोकळी झाली तर उत्तर मिळालं. अशा वेळी काही जण रेस परत बंद करणारी स्प्रिंग जास्त कडक बसवतात ते मला अजिबात पटत नाही, त्याने मूळ दोष तसाच राहतो आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

चालत्या गाडीत रेस अडकलीच तर आधी क्लच दाबा, मग किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद करा, तो नसेल तर चावीने इंजिन बंद करा पण हँडल लॉकपर्यंत चावी फिरवू नका. क्लच दाबल्यावर इंजिन जोरात ओरडेल, ओरडू दे, गाडी पुढे खेचणार नाही आणि ब्रेक मारून बाजूला घेता येईल. नवीन शिकणाऱ्याला हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं, आणि आपल्या पेपरनेही यावर सविस्तर काहीतरी छापावं ही विनंती.

मेकॅनिक बंधूंनाही एक सांगणं आहे, टाकी परत बसवल्यावर तपासणी पुन्हा करा, कारण टाकीखालीच केबल दबते. गाडी स्टँडवर, इंजिन स्लोवर चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा, आवाज जरा जरी वाढला तरी केबल ताणली जातेय आणि गाडी अजून गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

आपला,
जुनी मोटरसायकल चालवणारा एक वाचक